ट्रेकसाठी ‘फिट’ व्हायचंय? आधी ठरवा, काय मोजणार!

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एव्हरेस्ट बेस कॅम्पला जायचं ठरवलेले दोघंतिघं आजकाल प्रत्येक डिपार्टमेंटमध्ये सापडतात. पैसे साठवलेले असतात, गाइडकडून सुट्टी कशीबशी मिळालेली असते आणि मग जून उजाडला की प्रश्न येतो, ‘तयारी काय करू?’ यावर ठरलेलं उत्तर मिळतं: रोज पळायला जा. उत्तर अगदीच चूक नाही. पण प्रश्नच अर्धवट आहे. ‘मला फिट व्हायचंय’ हे वाक्य तुम्ही रिसर्च प्रपोजलमध्ये लिहिलंत, तर समोरचा पहिल्याच मिनिटाला विचारेल, ‘फिट म्हणजे काय? कोणतं व्हेरिएबल? कशाने मोजणार?’

हा ब्लॉग वाचणारे बहुतेक जण पीएचडीच्या तयारीत आहेत, म्हणून आज हाच प्रश्न त्या पद्धतीने सोडवू. व्यायामाचं शरीरशास्त्र या विषयात शिकण्यासारखं खूप आहे. इथे जुने सुंदर प्रयोग आहेत, कुणीही न तपासता वर्षानुवर्षं वापरलेली सूत्रं आहेत, आणि प्रयोगशाळा तर तुमच्या स्वतःच्या दोन पायांवर उभी आहे. एक खुलासा आधीच करते: मी जीवशास्त्राची विद्यार्थिनी आहे, डॉक्टर नाही. दमा, हृदयाचा त्रास, रक्तदाब, गुडघ्याची जुनी दुखापत यातलं काही असेल तर आधी डॉक्टरांना भेटा, मग पुढचं वाचा.

पहिलं काम म्हणजे ट्रेक आपल्याकडून नेमकं काय मागतो ते लिहून काढणं. लुक्ला साधारण २८६० मीटरवर आहे. तिथून पहिल्या दिवशी उलट थोडं उतरून फाकडिंगला जायचं, २६१० मीटर. दुसऱ्या दिवशी नामचे बाजार, ३४४० मीटर. मग तेंगबोचे ३८६०, दिंगबोचे ४४१०, लोबुचे ४९००च्या वर, गोरक्षेप ५१६० च्या आसपास आणि बेस कॅम्प ५३६४. जायला आठेक दिवस, परत यायला तीन ते चार.

आता हे आकडे आपल्या ओळखीच्या डोंगरांशेजारी ठेवून बघा. फाकडिंग ते नामचे हा सगळ्यांत दमवणारा दिवस. त्यात निव्वळ चढ होतो आठशे-साडेआठशे मीटर. बारी गावातून कळसूबाई चढताना जवळपास तेवढाच चढ असतो. म्हणजे एका दिवसाचं काम तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी आधीच केलेलं आहे, तेही रात्री चालून सूर्योदय गाठण्याच्या हट्टापायी. मग अवघड काय आहे? तीन गोष्टी. हे काम सलग दहा-बारा दिवस करायचंय. आठ दिवसांत मिळवलेली उंची तीन दिवसांत उतरायचीय. आणि हे सगळं विरळ हवेत करायचंय. या तीन मागण्या शरीराच्या तीन वेगवेगळ्या यंत्रणांकडे जातात, आणि ‘रोज पळायला जा’ यातली फारतर एक भागवतो.

आधी इंजिनाचं बघू. पेन-कागद घ्या, बारावीचं भौतिकशास्त्र पुरेल.

समजा तुमचं वजन ६० किलो आणि पाठीवरची सॅक ६ किलो. तासाला ६०० मीटर उंची गाठायची म्हणजे सेकंदाला एक षष्ठांश मीटर. ६६ गुणिले ९.८ भागिले ६, म्हणजे सुमारे १०८ वॅट. एवढं यांत्रिक काम. स्नायूंची कार्यक्षमता चढावर साधारण २५ टक्के धरली, तर शरीराला खर्च करावे लागतात त्याच्या चौपट, ४३० वॅट. एक लिटर ऑक्सिजन वापरला की अंदाजे २० किलोज्यूल ऊर्जा मिळते, तेव्हा मिनिटाला जवळपास १.३ लिटर ऑक्सिजन हवा. नुसतं जिवंत राहायला लागणारा पाव लिटरभर त्यात मिळवा. झाले दीड लिटर. शरीराच्या किलोमागे २५ मिली.

आता शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, त्याला व्हीओटू मॅक्स म्हणतात. अधूनमधून गड चढणाऱ्या सत्तावीस वर्षांच्या माणसाचा तो समजा किलोमागे मिनिटाला ४० मिली आहे. २५ भागिले ४० म्हणजे ६२ टक्के. पुण्याच्या उंचीवर हा वेग तुम्ही घाम गाळत पण तास-दोन तास टिकवाल.

हाच माणूस ५००० मीटरवर नेऊ. ढोबळ नियम असा की १५०० मीटरच्या वर दर १०० मीटरला व्हीओटू मॅक्स साधारण एक टक्का घसरतो. ५००० मीटरवर झाली ३५ टक्के घट. ४० चे उरले २६. आणि डोंगराची मागणी मात्र तीच, २५! म्हणजे ज्या वेगाने तुम्ही गप्पा मारत सिंहगड चढता, त्या वेगाने तिथे चालणं म्हणजे शंभर मीटरची शर्यत तासभर पळण्यासारखं. होणारच नाही. वेग निम्मा करा, तासाला ३०० मीटर. मागणी येते साडेचौदा मिलीवर, म्हणजे २६ च्या ५६ टक्के. हे जमतं.

आता महत्त्वाचा प्रश्न. चार महिने कसून तयारी केली आणि व्हीओटू मॅक्स १५ टक्क्यांनी वाढला, ४० चा ४६ झाला, तर? ५००० मीटरवर तो राहील ३० च्या आसपास. जुन्या वेगाला अजूनही ८० टक्क्यांच्या वर जावं लागेल, तो काही परत मिळाला नाही. पण हळू चालीला आता ५६ ऐवजी ४८ टक्के पुरतील. दिवसाला सहा तास, सलग आठ दिवस चालताना हा फरक प्रचंड असतो. संध्याकाळी जेवण जातं की नाही, झोप लागते की नाही, दुसऱ्या सकाळी बूट घालावेसे वाटतात की नाही, हे त्यावर ठरतं. तयारीमुळे तुम्ही तिथे वेगवान होत नाही. सावकाश चालणं सोसतं, एवढाच तिचा फायदा, आणि तो पुरेसा आहे.

हे गणित ढोबळ आहे हे उघड आहे. वाटेचा खडबडीतपणा, थंडी, आडवं अंतर, काहीच धरलेलं नाही. पण पेपर वाचायच्या आधी असं पाठीमागच्या पानावरचं गणित करायची सवय लावून घ्या. उत्तर कोणत्या पट्ट्यात यायला हवं हे माहीत असलं की नंतर कुणी अचाट दावा केला तर लगेच खटकतं.

इंजिन वाढवायचं कसं? इथे सगळे घड्याळातल्या हार्ट रेटकडे धावतात, आणि ‘कमाल हार्ट रेट म्हणजे २२० वजा वय’ हे सूत्र समोर येतं. जिमच्या भिंतीवर, मोबाइल अ‍ॅपमध्ये, सगळीकडे. या सूत्राचा इतिहास संशोधन शिकणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. २००२ मध्ये रॉबर्ग्ज आणि लँडवेर या दोघांनी त्याचं मूळ शोधायला घेतलं. मागे मागे जात ते पोचले फॉक्स आणि सहकाऱ्यांच्या १९७१ च्या लेखापाशी. तिथे काय होतं? आधीच्या काही अभ्यासांमधले बिंदू एका आलेखावर मांडले होते आणि त्यातून डोळ्यांनी जाणारी एक सोयीची रेघ. मुद्दाम त्यासाठी केलेला प्रयोग नाही, रिग्रेशन नाही. पुढे एकाने दुसऱ्याचं बघून संदर्भ दिला आणि सूत्र अजरामर झालं. तनाका आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ३५१ अभ्यासांमधल्या १८,७१२ जणांची माहिती एकत्र करून २०८ वजा वयाच्या ०.७ पट असं सूत्र दिलं. सत्तावीस वर्षांच्या माणसासाठी जुन्या सूत्राने १९३ येतात, नव्याने १८९. फरक फारसा नाही, असं म्हणाल. पण खरी गोम तिथे नाहीच. कोणतंही सूत्र घ्या, प्रत्यक्ष माणसं त्या रेघेच्या वर-खाली दहा-बारा ठोक्यांनी विखुरलेली असतात. सरासरी अचूक असली म्हणून तुमचा आकडा अचूक होत नाही.

म्हणून मी म्हणते, घड्याळ बाजूला ठेवा आणि बोलून बघा. चढताना पूर्ण वाक्य न अडखळता बोलता येत असेल तर वेग बरोबर. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर तुम्ही जोरात आहात. ही बोलण्याची चाचणी फुकट आहे, आणि श्वसनाचा जो उंबरठा प्रयोगशाळेत मास्क लावून मोजतात त्याच्याशी ती चांगली जुळते. आठवड्यातला बहुतेक व्यायाम या बोलता येणाऱ्या वेगात, आणि एखादा दिवस दम काढणारा. उत्साहाच्या भरात उलट होतं. रोज मध्यम जोरात, रोज थोडं दमून, आणि तिसऱ्या आठवड्यात कंटाळून बंद.

‘माझ्या मैत्रिणीला दोन महिन्यांत फरक पडला, मला काहीच नाही’ ही तक्रारही ओळखीची आहे. त्यावर हेरिटेज फॅमिली स्टडी नावाचा मोठा अभ्यास आहे. बसून काम करणाऱ्या शेकडो लोकांना २० आठवडे एकसारखा, देखरेखीखाली सायकल-व्यायाम दिला. १९९९ मध्ये बुशार आणि सहकाऱ्यांनी जे मांडलं त्यात व्हीओटू मॅक्सची सरासरी वाढ मिनिटाला ४०० मिलीच्या आसपास होती. पण काही जणांची वाढ जवळपास शून्य आणि काहींची एक लिटरहून जास्त! एकाच कुटुंबातले लोक एकमेकांसारखा प्रतिसाद देत होते, म्हणजे आनुवंशिकतेचा हात दिसतो. यावरून ‘काही लोकांना व्यायाम लागूच पडत नाही’ अशा बातम्या झाल्या.

थांबा. या अभ्यासात व्यायाम न करणारा कंट्रोल ग्रुप नव्हता. व्हीओटू मॅक्स आज मोजला आणि पुढच्या आठवड्यात परत मोजला तर काहीच न करता आकडा थोडा हलतो. झोप, जेवण, मशीनचं कॅलिब्रेशन, त्या दिवसाचा मूड. मग कुणाची ‘शून्य वाढ’ खरी आणि कुणाची मोजमापाची चूक, हे कंट्रोल ग्रुपशिवाय वेगळं काढता येत नाही. नंतरच्या संशोधकांनी नेमका हाच आक्षेप घेतला आहे. शरीराशरीरात फरक नाही असं कुणीच म्हणत नाही. पण दिसणारा सगळा फरक शरीराचा नसतो. तुमच्या स्वतःच्या डेटालाही हेच लागू आहे, त्याकडे शेवटी येऊ.

आता उतार. या लेखातला माझा लाडका भाग, आणि तयारीत सगळ्यांत दुर्लक्षित.

पुण्याचे लोक रविवारी सिंहगडावर जातात. आतकरवाडीतून चढायचं, वर पिठलं-भाकरी, दही, कांदाभजी हाणायची आणि गाडीरस्त्याने जीप पकडून खाली. दम लागला, घाम आला, म्हणजे व्यायाम झाला. पण ट्रेकच्या तयारीच्या दृष्टीने जीपमध्ये बसलात त्या क्षणी निम्मा अभ्यासक्रम ऑप्शनला टाकलात.

कारण काय, तर उतरताना मांडीचा पुढचा स्नायू वेगळ्याच तऱ्हेने काम करतो. चढताना तो जोर लावत आखडतो. उतरताना मात्र तो जोर लावत असतानाच शरीराच्या वजनाने ताणला जातो, गाडीच्या ब्रेकसारखा. याला एक्सेंट्रिक काम म्हणतात. त्यावरचा १९५२ चा प्रयोग बघा. अ‍ॅबट, बिगलंड आणि रिची या तिघांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून साखळीने जोडल्या. एकाने नेहमीसारखं पॅडल मारायचं, दुसऱ्याने उलट्या फिरणाऱ्या पॅडलला विरोध करायचा. जोर दोघांचा सारखा, वेग सारखा. दोघांनी वापरलेला ऑक्सिजन मोजला, तर विरोध करणाऱ्याचा खर्च पॅडल मारणाऱ्याच्या मानाने कित्येक पट कमी निघाला. दोन सायकली, एक साखळी, आणि इतका स्वच्छ प्रश्न! आपण लाखोंची उपकरणं मागतो तेव्हा मला ही साखळी आठवते.

म्हणून उतरताना दम लागत नाही, आणि आपण फसतो. ब्रेक मारताना कमी तंतू कामाला लागतात, त्यामुळे प्रत्येक तंतूवर ताण जास्त पडतो. १९८१ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी लोकांना वारंवार जिने उतरायला लावून त्यांच्या पोटरीच्या स्नायूचे बारीक तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. स्नायूंच्या तंतूंमधली एरवी सरळ रेषेत असणारी रचना जागोजागी विस्कटलेली दिसली. राजगड उतरून आल्यावर तिसऱ्या दिवशी लोकल ट्रेनचा जिना आडवं होऊन उतरावा लागतो ना, ते हे. आणि नाही, ते लॅक्टिक अ‍ॅसिड नाही. लॅक्टेट व्यायामानंतर तासा-दोन तासांत मूळ पातळीवर येतं. दुखणं सुरू होतं दुसऱ्या दिवशी आणि एक ते तीन दिवसांत कळस गाठतं. शिवाय लॅक्टेट जास्त बनतं चढताना आणि दुखतं जास्त उतरल्यावर. कारण आणि परिणाम दोघांची वेळही जुळत नाही, जागाही नाही. तंतूंना होणाऱ्या बारीक इजेची कल्पना तर थिओडोर हफ यांनी १९०२ मध्येच मांडली होती. तरी समज टिकून आहे, गाइडबुकांतही.

चांगली बातमी अशी की स्नायू हा धडा फार लवकर शिकतो. एकदा उतरण्याचा बेताचा डोस दिला, तर पुढच्या काही आठवड्यांत तोच डोस परत दिल्यावर दुखणं बरंच कमी होतं आणि ताकदही कमी घटते. यावर इतक्या प्रयोगशाळांनी काम केलं आहे की परिणाम असतो यात शंका नाही. तो का होतो, मज्जासंस्था तंतू वेगळ्या तऱ्हेने वापरायला लागते, की स्नायूची बांधणी बदलते, की दोन्ही, यावर वाद चालू आहे. ‘होतं हे पक्कं, कसं होतं हे उघडं’ अशी जागा दिसली की पीएचडीचा विषय शोधणाऱ्यांनी तिथे जरा रेंगाळावं.

व्यवहारात याचा अर्थ साधा आहे. गड पायी उतरा. गड जवळ नसेल तर होस्टेलचा जिना आहेच. एक मजला तीन मीटर धरला तर चौथ्या मजल्यापासून खाली म्हणजे बारा मीटर, पंचवीस फेऱ्या म्हणजे ३०० मीटर. आणि लिफ्ट असेल तर नेहमीच्या उलट करा: कधीकधी वर लिफ्टने जा, खाली जिन्याने या. वॉचमनकाका विचित्र नजरेने बघतील. बघू देत. सुरुवात पाच-सात फेऱ्यांनी करा, दर आठवड्याला थोडं वाढवा, पुढे पाठीवर सॅक घ्या. पहिल्याच दिवशी पंचवीस फेऱ्या मारू नका. न सोसणाऱ्या एक्सेंट्रिक व्यायामानंतर लघवी गडद चहासारखी झाली तर ती नेहमीची अंगदुखी नव्हे, सरळ दवाखाना गाठा. गुडघे कुरकुरत असतील तर दोन्ही हातांत काठ्या घ्यायची सवय इथूनच लावा. उतरताना त्यांनी गुडघ्यावरचा भार कमी होतो. काठी म्हातारपणाची खूण वाटत असेल तर नामचेला कोण कोण काठ्या घेऊन चालतं ते बघा.

आणि तिसरी मागणी, उंची. इथे मला जरा कठोर बोलायचंय.

महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. म्हणजे इथे तुम्ही कितीही गड पालथे घातलेत तरी विरळ हवेची तयारी होत नाही. बेस कॅम्पवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास असतो. ऑक्सिजनचं प्रमाण तिथेही २१ टक्केच, पण निम्म्या हवेतले २१ टक्के. शरीर याच्याशी जुळवून घेतं. श्वास खोल आणि जलद होतो, मूत्रपिंडं रक्ताचा आम्ल-अल्कली तोल परत सावरतात, लाल पेशींचं प्रमाण वाढतं. या सगळ्याला दिवस लागतात आणि ते दिवस उंचीवरच घालवावे लागतात. पळण्याने ते विकत घेता येत नाहीत.

फिट माणसाला उंचीचा त्रास कमी होतो का? आजवरच्या बहुतेक अभ्यासांचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. उलट अनुभवी गाइड सांगतात की तगडे तरुणच जास्त आजारी पडतात. फिटनेसमुळे आजार होतो, असा निष्कर्ष काढायचा मोह इथे होईल. पण मधलं व्हेरिएबल बघा: तगडा माणूस वेगाने चढतो, एखादा मुक्काम वाचवतो, डोकं दुखलं तरी बोलत नाही. दोष चढण्याच्या वेगाचा. आपल्याला त्रास होईल का याचा त्यातल्या त्यात चांगला अंदाज देतो तो आधीचा अनुभव, म्हणजे पूर्वी तेवढ्याच उंचीवर, तशाच वेगाने गेलो तेव्हा काय झालं होतं. व्हीओटू मॅक्स नव्हे.

वाइल्डरनेस मेडिकल सोसायटीची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की ३००० मीटरच्या वर झोपण्याची जागा एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादा मुक्काम करावा. ‘झोपण्याची जागा’ हा शब्द महत्त्वाचा आहे, दिवसा वर जाऊन परत खाली यायला हरकत नाही. आता हा नियम हातात घेऊन वरचा कार्यक्रम तपासा. नामचे ३४४०, तिथे दोन रात्री. तेंगबोचे, ४२० ने वर. दिंगबोचे, ५५० ने वर, म्हणून तिथे पुन्हा दोन रात्री. लोबुचे, ५०० च्या आसपास. गोरक्षेप, अडीचशे. जवळपास नियमाला धरून आहे. आता तुमच्या हातात एखाद्याने ‘फक्त नऊ दिवसांत’ असं स्वस्त पॅकेज ठेवलं तर त्यात नामचे किंवा दिंगबोचेची दुसरी रात्र आहे का ते बघा. नसेल, तर वाचलेले पैसे तिथून आलेत.

त्रास मोजायला लेक लुईस स्कोअर वापरतात, २०१८ मध्ये तो सुधारला गेला. डोकेदुखी, मळमळ किंवा उलटी, थकवा, गरगरणं, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. डोकेदुखी असून बेरीज तीन किंवा जास्त, तर तो उंचीचा आजार समजायचा. म्हणजे त्या रात्री वर जायचं नाही. आराम करूनही वाढत असेल तर खाली. बसल्या जागी धाप लागणं, खोकला थांबत नसणं, किंवा सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून चालता न येणं, बरळणं, ही फुफ्फुसात किंवा मेंदूला सूज आल्याची लक्षणं असू शकतात. तिथे ‘सकाळपर्यंत बघू’ नसतं. रात्र असली तरी सोबत घेऊन उतरायला लागायचं. डायमॉक्ससारख्या गोळ्यांबद्दल घरून निघायच्या आधीच डॉक्टरांशी बोला. ग्रुपमधल्या दादाने दिली म्हणून घेऊ नका.

खरी अडचण लक्षणं ओळखण्याची नसते, सांगण्याची असते. दोन वर्षं स्टायपेंडमधून पैसे साठवलेले, घरी सगळ्यांना सांगितलेलं, उद्या बेस कॅम्प. अशा वेळी ‘थोडंसं दुखतंय’ याचा आकडा दोन असेल तर तोंडातून एक निघतो. म्हणून निघण्याआधीच ग्रुपमध्ये ठरवा की स्कोअर दुसऱ्याने विचारायचा, रोज संध्याकाळी जेवणाआधी, सगळ्यांचा, आणि वहीत लिहायचा. निरीक्षकालाच निकालात रस असला की मोजमाप वाकतं, हे आपण सेमिनारमध्ये म्हणतोच की.

उरला तुमचा डेटा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुरुवात केलीत तर ऑक्टोबरपर्यंत सोळा आठवडे मिळतात. एकच वाट निवडा. पुण्यात असाल तर आतकरवाडीची, साधारण सहाशे मीटर चढ. नाशकात, कोल्हापुरात, मुंबईत ज्याला जे जवळ. तीच सॅक, तेच वजन, तीच सकाळची वेळ. लिहायच्या गोष्टी चार: बोलता येईल अशा वेगात चढायला लागलेला वेळ, वर पोचल्याक्षणी आणि एका मिनिटानंतर नाडीचे ठोके, उतरायला लागलेला वेळ, आणि दोन दिवसांनी मांड्या किती दुखतात याला शून्य ते दहा गुण. व्यायाम सुरू करण्यापूर्वी हे दोनदा करा, आठवड्याच्या अंतराने. त्या दोन फेऱ्यांत चार मिनिटांचा फरक आला तर पुढे तीन मिनिटांच्या प्रगतीवर पेढे वाटू नका, तो तुमचा एरर बार आहे. दुसरी फेरी बहुधा पहिलीपेक्षा बरी येईलच, कारण वाट ओळखीची झाली. पावसाळ्यात दगड निसरडे असतात, तेव्हाचे आकडे वेगळे ठेवा. खरं सांगायचं तर जुलै-ऑगस्टमध्ये निसरड्या वाटेवर वेळ लावून उतरूच नका, जिना बरा.

आठवड्याचं वेळापत्रक लॅब सांभाळून बसवायचं तर तीन दिवस पाऊण-एक तास बोलता येईल असं चालणं, पळणं किंवा सायकल. एक दिवस जिना, चढ जोरात आणि उतार सावकाश. दोन दिवस वीस मिनिटं बैठका, एका पायावर पायरी उतरणं, पोटऱ्या उचलणं. वेस्टर्न ब्लॉटच्या इन्क्युबेशनमध्ये एवढं होऊन जातं. रविवारी गड. आठव्या आठवड्यानंतर महिन्यातून एकदा शनिवार-रविवार सलग दोन गड, कारण थकलेल्या पायांनी दुसऱ्या दिवशी चालणं ही मागणी एका दिवसाच्या ट्रेकमध्ये येतच नाही.

मुलींसाठी वेगळं काही? वर सांगितलेल्या विषयांतले कितीतरी जुने अभ्यास तरुण पुरुषांवर, बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या, झालेले आहेत. त्यातली तत्त्वं लागू पडतात, आकडे डोळे झाकून उचलू नका. बारा हिमोग्लोबिनच्या खाली असलेल्या मैत्रिणी आपल्या आजूबाजूला भरपूर आहेत. रक्तच कमी ऑक्सिजन वाहत असेल तर सोळा आठवडे जिना चढून ती तूट भरत नाही. जूनमध्येच तपासणी करून घ्या, उपचाराला वेळ मिळतो.

शेवटचा मोठा गड निघायच्या दहा-बारा दिवस आधी. त्यानंतर फक्त हलकं चालणं, कारण शेवटच्या आठवड्यात केलेल्या कष्टाचा फायदा मिळायला वेळ उरत नाही, दुखणं मात्र विमानात सोबत येतं. बूट तोपर्यंत किमान चार-पाच गडांवर वापरलेले हवेत, मोज्यांसकट. आणि पायाची नखं कापून जा. नामचेहून लुक्ल्याच्या उतारावर अंगठा बुटाच्या टोकावर किती वेळा आपटतो, ते तुमच्या वहीत पाचवा रकाना करून लिहिता येईल.